वान्नीच्या बोटाचं रक्त

वान्नी आमच्या गावची मलेरियावाली. सगळं गाव तिला मिंग म्हणजे मावशी म्हणायचं, मीही. कुणाला ताप आला की बोट टोचायचं, तीन दिवस समोर उभं राहून गोळ्या गिळवायच्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायचं, हे तिचं काम. गोळी अजून चालते की मलेरिया तिला पुरून उरलाय, ते त्या शेवटच्या रक्तावरून कळतं. काचपट्ट्या माझ्याकडे यायच्या. आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, यावर माझं पोट.

पण ताप उतरला की आमची माणसं लाकूड तोडायला सीमेवरच्या जंगलात पसार होतात. अठ्ठाविसावा दिवस पाळतो कोण? महिन्याच्या सभेत, या गोळीचा अभ्यास चालवणारे डॉक्टर चाळीस जणांसमोर म्हणाले, "वान्नी, पेशंट तुझं तोंड बघून पळतात का गं?" सगळे खो खो हसले. मीही हसलो.

त्यानंतर तिचा एकही पेशंट चुकला नाही. एकतीस काचा आल्या, सगळ्या स्वच्छ. तिच्या डाव्या हाताची बोटं टोचून टोचून काळी पडली होती. मी एकदा म्हणालो, "मिंग, जंगलातल्या गड्यांची बोटं तुलाच कशी गं दुखतात?"

"तू काच बघ. हात बघू नकोस."

मी मुकाट्याने 'जंतू नाहीत' लिहिलं. सभेत बोलणी खायची हौस मलाही नव्हती.

शेजारच्या गावात खरी रक्तं घेतली जात. तिथे गोळी हरलेली दिसली, म्हणून त्यांना नवी गोळी मिळाली. आम्हाला शंभर टक्के पेशंट बरे झाल्याचं प्रशस्तिपत्र आणि जुनीच गोळी.

मग वान्नीचा नवरा फोउन तापला. तिने समोर बसून गोळ्या गिळवल्या. ताप उतरला आणि चौदाव्या दिवशी पुन्हा चढला. काच मी पाहिली, जंतूंनी नुसती भरली होती. शेजारच्या गावाच्या नव्या गोळ्या माझ्याच कपाटात होत्या, पण डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावायचा नव्हता.

वान्नीने डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. "साहेब, ती एकतीसही रक्तं माझी. मला हाकला, पण ह्यांना नवी गोळी द्या."

"नवरा आजारी पडला की अभ्यास खोटा होय? परत जंगलात गेला असेल, नवा डास चावला असेल. तीच गोळी पुन्हा दे."

"अंथरुणावरून उठले नाहीत हो ते. सारुन, तू तरी सांग ना."

मी खाली मान घालून काचा पुसत राहिलो. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. इतका हलकट मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नाही, पण एकदाच पुरतं.

फोउनचे डोळे पिवळे झाले, मग लघवी काळी झाली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मृत्यू दाखवला तर शंभर टक्के राहत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं तसं मी फोउनच्या कागदावर लिहिलं, 'जंगलात गेला, पत्ता नाही.' खाली तिची सही हवी होती. सातव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा फोउनच्या सातव्याला बोलावलेले भिक्खू नुकतेच जेवून उठले होते. तिने कागद दोनदा वाचला.

"खरंच जंगलात गेले असते," ती म्हणाली, "तर मी रोज त्या वाटेवर जाऊन बसले असते."

मग तिने माझ्याकडे पेन मागितलं आणि सही केली.