प्लास्टिकमधली खुर्ची

द्वारका चौकाजवळच्या पेट्रोलपंपावर मी बाळांच्या सुरक्षेची पत्रकं वाटत होते. एका गाडीत पुढं आजी, त्यांच्या मांडीवर तान्हं नातवंड. मागं बाळाची खुर्ची प्लास्टिकसकट, अन् तिच्यात पट्टा लावलेला लाडवांचा डबा! माझं डोकंच फिरलं.

“आजी, डब्याला पट्टा आणि बाळ मोकळं? कायद्यालाही हे चालत नाही. जोरात ब्रेक लागला तर बाळ हातातून उडेल.”

“नवीकोरी हाय ताई, खराब होईल,” गाडी चालवणारा त्यांचा मुलगा म्हणाला.

आजींनी आपल्या हातांकडं पाहिलं. खाली उतरून दातांनीच प्लास्टिक फाडलं. “खराब व्हायलाच आणली ना रे? पोर शू करणारच!”

डबा बाजूला ठेवून, बाळाला बसवून त्यांनी पट्टे ओढून पाहिले. बाळानं भोकाड पसरलं.

“आई, घे ना मांडीवर,” मुलगा कळवळला.

आजी बाळाशेजारी बसल्या, त्याच्या पोटावर हात ठेवला.

“रडू दे. घोटी गाव आलं की घेईन. चल तू.”