वरचा तांब्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यंदाच्या मातृदिनी, दादरच्या एका सभागृहात, भर मंचावर, एका होऊ घातलेल्या नगरसेवकाच्या डोक्यावर मी तांब्याभर पाणी ओतले. कृत्य पूर्ण शुद्धीत केले. पाणी कोमट होते. त्यातल्या गुलाबाच्या पाकळ्या त्यांच्याच होत्या.

आता कारण ऐका.

मी नऊ वर्षांची. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहायचो आणि आई ठाकूरद्वारच्या घरांत तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायला जायची. मे महिन्याची सुट्टी, म्हणून मीही तिच्या मागे मागे. न्हाणीघरात आई पाटावर बसायची, पाय लांब सोडायची आणि पायांवर बाळ घ्यायची. तेल, डाळीचं पीठ, टाळू, मग नाक. बसकं नाक दोन बोटांत धरून रोज थोडं थोडं वर काढायची. ठाकूरद्वारची निम्मी नाकं माझ्या आईने काढलेली आहेत. तीच पुढे आम्हाला बघून मुरडली, ती गोष्ट वेगळी. वेगळी कसली, तीच तर गोष्ट आहे.

त्यातल्या एका घरी आंघोळ झाली की बाळाची आजी यायची. बाळ आपल्या हातावर घ्यायची आणि वरून एक तांब्या पाणी घालायची, काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, ही आंघोळीतलीच शेवटची रीत. घरी मी माझ्या कापडी बाहुलीलाही वरचा तांब्या घालायचे. आजीसारखं तोंड करून. आई बघायची. मग पाठ फिरवून कामाला लागायची.

बारशाच्या दिवशी पाहुणे यायच्या आत आंघोळ उरकून आम्ही निघायचं, असं ठरलेलं. पण बायका लवकर आल्या. बाळ पाळण्यात. जरीचं टोपडं, गालावर तीट. आई न्हाणीघर आवरत होती, तेवढ्यात मी आत शिरले आणि बाळाची पापी घेतली. एक गालाची, एक नाकाची. नाक आमच्या घरचं काम होतं.

आजी म्हणाली, "अरे देवा. शिवली ही."

तिने बाळाला उचललं. टोपडं काढलं, झबलं काढलं, सगळ्या बायकांसमोर. तांब्या मागवला. पुन्हा वरून पाणी, या वेळी थंड. बाळ श्वास कोंडेपर्यंत रडलं. एक बाई म्हणाली, "ह्यांना आत सोडता कशाला?" आईने मला दंडाला धरून जिन्यात आणलं आणि एक ठेवून दिली. आयुष्यात एकदाच.

मी विचारलं, "तो तांब्या कशासाठी असतो?"

"आपल्या हातासाठी," आई म्हणाली.

बारसं त्याचं होतं. नाव मला ठेवलं गेलं.

घरी येऊन मी बाहुली पिळली आणि दोरीवर उलटी टांगली. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा त्याच घरी गेली. तिला जावं लागायचं. मी नाही गेले. पुन्हा कधीच नाही.

पंचेचाळीस वर्षं गेली. मी शिक्षिका झाले, शिवाय हौशी निवेदिका. बारशापासून शोकसभेपर्यंत माईक माझ्या हातात. आणि यंदा ते बाळ स्वतः आमच्या चाळीत आलं. कडक पांढरा कुर्ता, मागे चार कार्यकर्ते. "जय भीम, मावशी," असं इतक्या जोरात म्हणालं की तिसऱ्या मजल्यावरचे लोक वाकून बघायला लागले.

"मावशी, तुम्ही माझी दुसरी आई. स्टेजवर तुमचे पाय धुणार मी. आजीच्या स्मरणार्थ प्रोग्राम आहे. ताई, निवेदन तुम्हीच करा ना."

मी नाही म्हणणार होते. आई आता ब्याऐंशीची. ती म्हणाली, "जाऊ या गं. बघू तरी, माझ्या हातचं पोर कसं निघालंय."

गेलो. मंचावर आजीचा फोटो, त्याला हार. आई खुर्चीवर, पायांखाली चांदीचं ताम्हण, शेजारी चांदीचा तांब्या. तो बोलला. मातृत्वाला जात नसते, म्हणाला. टाळ्या. मग गुडघ्यांवर बसला आणि कॅमेऱ्याकडे बघत त्याने आईचे पाय धरले. ज्या पायांवर तो सव्वा महिना रोज झोपला होता, ते.

मी माईकवर म्हणाले, "एक मिनिट." आणि सगळं सांगितलं. बाहुलीसकट.

तो हसतच म्हणाला, "ताई, तेव्हा मी बारा दिवसांचा होतो."

"मी नऊ वर्षांची होते."

"मग आता काय पाहिजे तुम्हाला? पाय धरलेत ना मी?"

"धरलेत, म्हणूनच. आमच्या अंगाला हात लागला की वरून एक तांब्या. नियम तुमच्याच घरचा."

ओतावासा वाटला. पंचेचाळीस वर्षं वाटत होता. ओतला.

कुर्ता अंगाला चिकटला. एक पाकळी त्याच्या कानावर बसली. ती पाकळी आठवली की मला अजून छान झोप लागते.

मला कुणी माफ करू नये. मीही कुणाला केलेलं नाही. निवेदनाची आमंत्रणं बंद झाली, बरं झालं. यापुढे आईच्या नावाने जिथे मंच सजेल, तिथे मी न बोलावता जाणार आणि पहिल्या रांगेत बसणार. पिशवीत तांब्या असेल. पाय धुणं सोपं आहे. तिच्या हातांचं काय केलंत, एवढंच विचारणार. उत्तर मिळेपर्यंत विचारणार.

आणि आई? तो अजून गुडघ्यांवरच होता, ओलाचिंब, डोळे गच्च मिटलेला. ओलं पोर समोर असलं की तिचे हात थांबत नाहीत. तिने त्याची हनुवटी वर केली, दोन बोटांत नाक धरलं, हाड चाचपून बघितलं. माझ्या हातातला माईक तिच्या तोंडाजवळच होता. अख्ख्या सभागृहाने ऐकलं.

"नाक तेवढं मी नीट काढलंय," आई म्हणाली. "बाकीचं सगळं ह्यांच्या घरचं."