कॉइनला दिलेला ताण

गाढवपणा कसा करायचा हे शिकायचं असेल, तर चहा सांगा आणि बसा माझ्याजवळ. फी नको. ती मी आधीच भरली आहे!

माझं नागपूरच्या गांधीबागेत साड्यांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसतं, मोबाईल असतो. त्यात एक गुरुजी रोज सांगायचे, ‘क्रिप्टोचं चक्र असतं. चढतं, पडतं, झोपतं, पुन्हा चढतं. झोपेत असताना घ्या!’ पण कॉइन झोपलाय हे ओळखायचं कसं? ते काही गुरुजी सांगेनात.

डिसेंबरात सासुरवाडीला गेलो, सावनेरकडे. सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. बघतो तर झाडं मलूल, पानं पिवळी, आणि विहीर भरलेली!

“मामाजी, पाणी काहून नाही देऊन राहिले?”

“ताण देऊन राहिलो, जावईबापू. महिनाभर झाडाचं पाणी तोडाचं. मंग पाणी सोडलं का असा बहार फुटते, का पान दिसत नाही!”

माझी ट्यूबलाइट पेटली. अरे, हेच ते चक्र! बाजार कॉइनला ताण देतो! जगातल्या एकाही तज्ज्ञाला हे का सुचलं नाही? कारण एकाचेही सासरे सावनेरचे नाहीत!

घरी येऊन सगळ्यात मलूल कॉइन शोधला. पैसे? बायकोनं, म्हणजे वैशालीनं, नव्या कूलरसाठी ठेवले होते ना! जुन्याच्या टाकीची गंजून चाळणी झाली होती. कूलरशिवाय नागपूरचा मे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण मेच्या आत बहार येणारच होता!

जानेवारीत कॉइन अर्ध्यावर आला. मी खूश. ताण बसला! उरलेले पैसेही टाकले. फेब्रुवारीत आणखी पडला. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले मी.

मार्चमध्ये मामाजी घरी आले. मी ऐटीत मोबाईल पुढे केला. “पाहा, तीन महिन्यांचा ताण!”

मामाजींनी चष्मा लावला. “तीन महिने? नख मारून पाहिलं का?”

“म्हणजे?”

“जादा ताणानं झाड मरते ना जी. फांदीले नख माराचं. आत हिरवं दिसलं तं जित्तं हाय.”

आता कॉइनला नख कुठे मारू? चहा आणता आणता वैशाली म्हणाली, “थोडासा विकून पाहा.”

शंभर रुपयांचा विकायला लावला. तिघंही टक लावून बसलो. चहा निवला, त्यावर साय आली, पण घेणारा येईना! शोधाशोध केल्यावर कळलं, कॉइनवाले कधीच गाशा गुंडाळून पसार झाले होते. तरी डिसेंबरपासून तो विकत घेणारा जगात एक माणूस उरला होता. मी!

“जावईबापू,” मामाजी हळूच म्हणाले, “हे झाड नव्हतंच. तुम्ही खुंट्याले ताण देऊन राहिले.”

“आन् पैसे कुठले होते?” वैशालीनं विचारलं. मी जुन्या कूलरकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. पुढचं सांगत नाही, माझी बीपीची गोळी चालू आहे.

मे लागला. मामाजींनी लेकीसाठी नवा कूलर पाठवला. तो लागला बेडरूमला. मी हॉलमध्ये, पंख्याची गरम हवा खात. रविवारी भर दुपारी शेवटी दार वाजवलं. “वैशाली, आत येऊ दे ना वं!”

“थांबा जी. मृग बहाराचा ताण मे महिन्यातच देतेत. अक्कल फुटते का पाहू!”

मी दाराशीच बसलो. बऱ्याच वेळानं दार उघडलं. कूलरचा गार झोत आला. मी उठणार, तेवढ्यात तिनं वाकून माझ्या दंडाला कचकन नख मारलं.

“आई गं!” मी ओरडलो.

“हिरवं हाय अजून,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.