पुडीतला अंगारा

मेढ्याहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या आजींनी कागदाची पुडी दोन्ही तळहातांवर जपून धरली होती. अंगारा असणार म्हणून मी हात पुढे केला.

"अगं बाई, कोंबडीची शिट हाय ती!" आजी खळखळून हसल्या. "डाक्टर दुर्बिणीत बगत्यात, पोटात जंत हायत का."

माझ्या कोंबड्याही वाळत चालल्या होत्या आणि मी नुसती त्यांची दृष्ट काढत होते. मी तसं सांगितल्यावर आजींनी माझं मनगट चाचपलं. "कोंबडीच्या छातीचं हाड असं हाताला लागाय लागलं, की दृष्ट न्हाई, जंत बगायचं."

तपासणी झाली, औषध दिलं, खुराड्यातला ओला भुसा बदलला. कोंबड्या सावरल्या.

परवा पुन्हा तपासणीसाठी मीच पुडी घेऊन निघाले. एसटीत शेजारच्या बाईंनी पदर सावरून हात पुढे केला. हसू दाबत मी विचारलं, "तुमच्याकडं कोंबड्या आहेत का हो?"