मुन्सामी काकांच्या नावावर

लौटोका बंदराच्या धक्क्यावर कुणाचाही कंटेनर अडकला की लोक आमच्या ऑफिसच्या दारातूनच विचारायचे, "मुन्सामी आहेत का जागेवर?" ते असायचेच. एकतीस वर्षं मुन्सामी गौंडर त्याच खुर्चीत होते. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की काजळी उडत येऊन टेबलावर बसायची. काका फुंकर मारून ती कागदांवरून उडवायचे आणि पुन्हा वाचायला लागायचे.

आमच्या धंद्यात एक गोम आहे. माल सोडवायचा परवाना ऑफिसला मिळत नाही, परीक्षा पास झालेल्या माणसाला मिळतो. प्रत्येक कागद त्याच्या नावाने कस्टमकडे जातो. चूक निघाली तर तोच उभा राहतो. आमचे मालक अजेंद्र यांच्याकडे गाडी होती, टाय होता, गोड जीभ होती. परवाना काकांकडे होता. काका आजारी पडले की ऑफिस आजारी पडायचं.

काकांनी आपली जागा घ्यायला माणसं तयार केली नाहीत असं नाही. पाच जणांना शिकवलं. पाचही जण परीक्षा पास झाले आणि वर्षाच्या आत ऑकलंडला नाहीतर सिडनीला पसार झाले. त्यांची शिफारसपत्रंही काकांनीच लिहिली. अजेंद्र म्हणायचे, "मुन्सामी भैया, तुम्ही एजंट घडवता की विमानतळ चालवता?" काका हसायचे. सहावी मी, लोसालिनी. दोनदा नापास झालेली, म्हणून अजून इथेच.

काकांची एक सवय अख्ख्या धक्क्याला ठाऊक होती. बाहेरून कापड आणायचं, त्याचे शर्ट शिवायचे, शर्ट देशाबाहेर पाठवले की कापडावर भरलेली जकात परत मिळते. त्यासाठी एजंटला लिहून द्यावं लागतं, की खोकी माझ्यासमोर भरली. बाकीचे एजंट हे ऑफिसात पंख्याखाली बसून लिहितात. काका बसने बा गावाला जायचे, कारखान्याच्या आवारात स्टूल टाकून बसायचे आणि प्रत्येक खोक्यात हात घालायचे. कुणी चहा आणला तर म्हणायचे, कंटेनरला सील लागल्यावर. लोक चेष्टा करायचे, मीही केली आहे.

मग त्यांची मुलगी रोहिणी हिने ब्रिस्बेनहून आईवडिलांचे कायमचे व्हिसा काढले. कन्नम्मा काकी पुढे गेल्या. काकांना जूनअखेरच्या आत तिकडे पाऊल ठेवायचं होतं, नाहीतर व्हिसा रद्द. अजेंद्रांनी मे महिनाभर त्यांना सोडलं नाही. आज हे जहाज, उद्या ते. शेवटी म्हणाले, "भैया, जा तुम्ही. फक्त नाव राहू द्या इथे. लोसा पास होईपर्यंत, दोन महिने."

काका तीन दिवस नेहमीसारखे कागद वाचत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी कस्टमच्या संगणकाचा आपला पासवर्ड कागदावर लिहून माझ्या हातात दिला.

"पोरी, हा माझा अंगठा आहे. अंगठा कुणाला काढून देत नाहीत. मला जायचंय म्हणून देतोय."

ते सव्वीस जूनला गेले. मी विमानतळावर रडले, आणि खरं सांगायचं तर आनंदाने रडले. एक माणूस सुटला.

ऑगस्टमध्ये बाच्या कारखान्यातून शर्टांचा कंटेनर निघायचा होता. काकांसारखंच करायचं म्हणून मी बस पकडून गेले. आत शिवणकाम करणाऱ्या बायकांत निम्म्या माझ्या आईच्या गावच्या, दोघी तर चुलत मावश्या. त्यांनी मला ओढत वरच्या जेवणाच्या खोलीत नेलं. चटई घातली. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेला कसावा कंद, आणि माझ्या आईच्या मानासाठी दोन शब्द. आमच्यात अशा ताटावरून अर्ध्यात उठणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. मी बसले. पोटभर जेवले. खाली आवारात आले तेव्हा कंटेनरला सील लागलेलं होतं आणि ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून वाट बघत होता. सील तोडा म्हणायला माझी जीभ रेटेना. ऑफिसात येऊन मी काकांच्या नावाने संगणकात शिरले आणि त्या ओळीपुढे खूण केली. खोकी माझ्यासमोर भरली.

कस्टमने तो कंटेनर धक्क्यावरच उघडला. पुढच्या दोन रांगांत शर्ट होते. मागे कापडाच्या चिंध्या आणि ओली वर्तमानपत्रं. कारखान्याचा मालक त्याच आठवड्यात देशाबाहेर पळाला. उरलं एकच नाव, मुन्सामी गौंडर. आणि ते तर त्या दिवशी ब्रिस्बेनमध्ये नातवाला शाळेत सोडत होते.

बोलावणं गेलं. काका आपणहून आले, परतीचं तिकीट काढून आले. आठवड्यात मिटेल असं त्यांना वाटत होतं. चौकशीला मलाही बसवलं होतं, त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. रात्रभर मी घोकलं होतं की खरं सांगायचं. अधिकाऱ्याने विचारलं, ही खूण कुणी केली? माझं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "साहेब, नाव माझं, पासवर्ड माझा. मी फोनवरून सांगितलं, हिने केलं. पोरगी शिकाऊ आहे, तिला काय कळतं."

असा फोन कधी झालाच नव्हता. मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. माझी तिसरी परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि नावावर डाग असला तर परवाना मिळत नाही, हे मला पाठ होतं. घरी आई होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी भ्याले होते, हे त्यांच्याहून खरं आहे.

काकांचा पासपोर्ट कोर्टात जमा झाला. पळालेला मालक सापडेपर्यंत खटला पुढे सरकत नाही. तारीख पडते, त्याच दिवशी पुढची तारीख मिळते.

चौकशीच्या दिवशी बाहेर पडल्यावर आम्ही बसस्टँडच्या बाकावर बसलो होतो. कारखान्यात जेवायला बसल्याचं मी त्यांना सांगितलंच होतं; काकांनी त्याबद्दल एकच गोष्ट विचारली, ती तेव्हा.

"त्या बायकांनी काय वाढलं होतं?"

"मासा. नारळाच्या दुधातला."

"आणि कसावा?"

"हो."

"मग कशी उठणार होतीस," काका म्हणाले आणि बस आली का ते बघायला उठले. मला वाटलं, यांनी मला एक थोबाडीत द्यावी. दिली असती तर मी सुटले असते.

मी तिसऱ्यांदा पास झाले. आता परवाना माझ्या नावावर आहे आणि खुर्चीही मलाच दिली आहे. काकांचा परवाना गेला. अजेंद्रांनी त्यांना मोठेपणाने खिडकीजवळ एक टेबल दिलं आहे. फायली लावायच्या, फोन घ्यायचे. गिऱ्हाइकं अजूनही आधी त्यांच्याकडेच जातात. ते कागद वाचतात, पेन्सिलने चूक दाखवतात आणि सहीला माझ्याकडे पाठवतात. मला मार्चमध्ये ऑकलंडहून नोकरीचं पत्र आलं. अजेंद्रांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी आवाजही चढवला नाही. म्हणाले, "जा ना. फक्त मुन्सामी भैयांच्या वकिलाचे पैसे हे ऑफिस देतं, आणि ऑफिस तुझ्या नावावर चालतं, एवढं लक्षात ठेव." मी ते पत्र फाडलं. काकांना काहीच कळलं नाही असं मी धरून चालते.

शनिवारी दुपारी ऑफिस बंद व्हायच्या सुमाराला कन्नम्मा काकींचा व्हिडिओ फोन येतो. रोहिणी आणि जावई कामावर असतात. काकींना इंग्रजी येत नाही, गुडघा दुखतो, काका येतील तेव्हा त्यांच्याबरोबर बाहेर पडू म्हणून त्या घरातच बसून असतात. त्या दर वेळी विचारतात, कधी संपणार? काका दर वेळी म्हणतात, पुढच्या महिन्यात. असे चौदा महिने झाले.

गेल्या शनिवारीही फोन आला. काकींनी तेच विचारलं. काकांनी फोन माझ्यापुढे धरला, पडद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तू सांग. माझ्यावर आता तिचा विश्वास बसत नाही."

मी फोन घेतला. काकी पडद्याच्या अगदी जवळ आल्या होत्या, त्यांचं कपाळ आणि डोळेच दिसत होते.

"लोसा, हे मला फसवतात. तू खरं सांग. तू शिकलेली, तू सगळे कागद बघतेस. पुढच्या महिन्यात नक्की येतील ना?"

खिडकीजवळ काका फायलींना दोरी बांधत होते. माझ्याकडे पाठ करून.

"हो काकी," मी म्हटलं. "मी स्वतः कागद पाहिलेत."

"बस. तू पाहिलेस ना," काकी म्हणाल्या. "मग मी त्यांच्या चपला बाहेर काढून ठेवते."