खालून आलेली हाक

अजूनही झाडांना पाणी घालताना मी मध्येच पाण्याचा मग खाली ठेवते आणि कान देते. खालच्या फ्लॅटमध्ये आता हिंजवडीला नोकरीला जाणारं एक जोडपं भाड्यानं राहतं, त्यांना कुणाच्या पाण्याशी काही देणंघेणं नाही. तरी मी ऐकत राहते. नवरा म्हणतो, डोक्यातून काढून टाक. काढता आलं असतं तर काढलं नसतं का?

लॉकडाऊनमध्ये नवऱ्याची चाकणची कंपनी बंद झाली आणि आम्ही दोघं रावेतच्या या वन बीएचकेत एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग मी गॅलरीत बाग मांडली. रंगाचे रिकामे डबे, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरची माती. मेथी, मिरची, टोमॅटो. मेथी उगवली त्या दिवशी लातूरला आईला व्हिडिओ कॉल लावून मी एकेक पान दाखवलं.

डब्यांखाली ताटल्या ठेवायचं मात्र सुचलं नाही. सगळं गढूळ पाणी खालच्या काकूंच्या धुण्यावर. काकू एकट्याच राहायच्या, मुलगा बंगळुरूला. रोज सकाळी त्यांची हाक यायची, "अगं ए वरची, पाणी!" सुरुवातीला मी कठड्यावरून वाकून "सॉरी काकू" म्हणायचे. मग त्यांनी मातकट चादरीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, आता बघाच. मुद्दाम दोन मग जास्त घालायला लागले. हाक आली तरी ओ द्यायची नाही, हेही ठरवून टाकलं.

त्या सकाळी हाक आली तेव्हा मी टोमॅटोला काठी बांधत होते.

"अगं ए वरची."

एवढंच. पाण्याचं नाव नव्हतं. आवाज बारीक होता. आणि मी तर अजून मगसुद्धा हातात घेतला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मनात म्हटलं, ओरडा अजून. पुन्हा एकदा हाक आली. मी आत आले, गॅलरीचं दार लावून घेतलं आणि चहा टाकला.

काकू फोन उचलेनात म्हणून दुपारी त्यांच्या मुलानं वॉचमनला फोन केला. दार तोडावं लागलं. काकू गॅलरीच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या, अंगात ताप, श्वास लागलेला. ॲम्ब्युलन्सनं नेलं, त्या परत आल्या नाहीत.

मुलगा आला तो बऱ्याच महिन्यांनी, घर रिकामं करायला. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर वर आला. आत या म्हटलं तरी दारातच उभा राहिला.

"ताई, त्या दिवशी सकाळी आई माझ्याशी बोलली होती. बरं वाटत नाहीये, वरचीला हाक मारते म्हणाली. मी निर्धास्त झालो, मीटिंगला बसलो. तिनं हाक मारली होती का हो?"

भीती वाटली, लाजही वाटली.

"नाही हो दादा," मी म्हटलं. "हाक ऐकली असती तर धावत गेले असते."

"म्हणजे तिला तेवढंही जमलं नाही," तो म्हणाला. "मीच कुणाला तरी फोन करायला हवा होता. माझंच चुकलं."

तीन मजले तो सावकाश उतरला. मी दारात उभी होते. त्याला थांबवून खरं सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता.