घरटी दोनच भाकरी

"तुझ्यामागं हे कोण चालवणार?" ताईला मी हे किती वेळा विचारलं. ती नुसती हसायची. उत्तर मिळालं नाही, किस्से मात्र इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मधेच तोंड घालतो.

माझी थोरली बहीण, छायाताई, किनवटला जंगलातल्या गावांहून शिकायला आलेल्या मुलींचं वसतिगृह चालवायची. वरण तिथंच शिजायचं. भाकरी गल्लीतून यायच्या. घरटी रोज दोन. जास्तीची ती परत करायची!

\*\*\*

एका नव्या सुनेनं हौसेनं दहा आणल्या. ताईनं आठ परत दिल्या.

सून रडकुंडीला. "माझ्या भाकरी वाईट हायेत का?"

"लई चांगल्या हायेत. म्हणून तर उद्याबी पाहिजेत!"

\*\*\*

समोरच्या चाचींचा रमजानचा रोजा. तरी डबा हजर. मी म्हटलं, "चाची, आज तर राहू द्यायचं."

"रोजा माझा हाय, पोरींचा न्हाई!"

\*\*\*

लातूरचे एक शेठ आले. "वर्षभराचं पीठ देतो."

"आन् पुढच्या वर्षी?"

"ते पुढं बघू."

"तवर गल्लीची सवय मोडंल, शेठजी. तुम्हीबी दोनच पाठवा."

शेठ हसत गेले. शनिवारी एसटीच्या कंडक्टरनं फडक्यात बांधलेल्या दोन कडक भाकरी आणून दिल्या. लातूरहून! अजून दर शनिवारी येतात.

\*\*\*

एकदा मी लग्नातलं उरलेलं जेवण टेम्पोभर आणलं. पोरींची चंगळ! पण दुसऱ्या दिवशी निम्म्या घरांनी भाकरीच पाठवली नाही. ताई दारोदार फिरली.

"एक दिवस जेवू घातलंस, बाबा, आन् आठ दिवसांची भाकर घालवलीस!"

\*\*\*

गेल्या महिन्यात ताई गेली. साध्या तापाचं निमित्त. तिला पोचवून आलो तर सगळी गल्ली आमच्या अंगणात बसलेली. मी ओरडलो, "पोरींच्या जेवणाचं काय?" आणि उत्तराची वाट न बघता घरात शिरलो.

दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत. मी पेटवली. जन्मात पहिल्यांदा भाकरी थापल्या. पाच झाल्या, वाकड्या, करपलेल्या. तशाच घेऊन वसतिगृहाकडे पळालो.

स्वयंपाकघरात टोपली काठोकाठ भरलेली. सगळ्या घरांच्या भाकरी येऊन गेल्या होत्या.

गंगाबाई स्वयंपाकीण डोळे पुसत उठली. माझ्या पाचातल्या दोन टोपलीत ठेवल्या, तीन माझ्या हातात परत दिल्या.

"तुमच्या घरच्या दोनच."

दुसऱ्या दिवशी मी दोनच थापल्या.